नाव चुकले की पाणी चुकते
(शोभेच्या केळीच्या ओळखीचा इतिहास)

आमच्या वालूरला (ता. सेलू, जि. परभणी) पाण्याचे मोल कोणाला शिकवावे लागत नाही. गावातल्या जुन्या बारवा, त्यातही गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची चक्राकार बारव, पाहायला आता दुरून माणसे येतात. पण उन्हाळ्यात घरापुढे टँकर आला की घागरी मोजूनच भरायच्या, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. अशा गावात शोभेची केळ लावणे ही चैनच. ती मी केली, आणि त्या चैनीतून जी चूक घडली तिचा शोध घेता घेता हा लेख तयार झाला.

आठ-नऊ वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर रोपांची गाडी गावात आली होती. गाडीवाल्याने एक रोप दाखवून सांगितले, "शोभेची लाल केळ आहे, केळफूल लाल येतं. पाणी भरपूर घाला, म्हणजे पिलं सुटतील." न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे, आईच्या कर्दळीशेजारी मी ते लावले. दिवाळीपर्यंत रोप डौलात वाढले. पाने रुंद झाली आणि बुंधा तळाशी हंड्यासारखा फुगला. संक्रांतीनंतर मात्र पाने पिवळी पडू लागली. होळीला नुसता बुंधा उरला. पाणी कमी पडते आहे असे समजून मी ते वाढवले. ऐन टंचाईत रोज दोन घागरी. मे महिन्यात बुंध्याला हात लावला तर तो आत दबला आणि कुबट वास आला. आई एवढेच म्हणाली, "तुझ्या हौसेपायी रोज दोन घागरी मातीत गेल्या."

पुढच्या श्रावणात कामानिमित्त सह्याद्रीच्या एका घाटात जाणे झाले. रस्त्याकडेच्या काळ्या कातळावर, जिथे मूठभर माती असेल-नसेल अशा जागी, तेच झाड उभे होते. तोच फुगलेला बुंधा, तीच रुंद पाने. आणि एक नव्हे, उतारभर. रानभाज्या विकणाऱ्या एका मावशींना नाव विचारले. त्या म्हणाल्या, "चवेणी. पावसाळ्यात येती, उन्हाळ्यात जाती. कंद असतो ना आत." ज्या झाडाला उन्हाळ्यात झोपायचे होते, त्याला मी बळेच पाणी पाजून कुजवले होते. नाव चुकले होते, म्हणून पाणी चुकले.

कदली आणि कर्दळ

शोभेची केळ ओळखण्यातला पहिला गोंधळ शास्त्राचा नाही, भाषेचा आहे. अमरकोशात कदलीला रंभा, मोचा अशी नावे दिली आहेत. 'कदली'वरून आपली 'केळ' आली. जुन्या मराठीत 'कर्दळी' हा शब्दही केळीसाठीच येतो. गुरुचरित्रामुळे घराघरांत ठाऊक असलेले श्रीशैलाजवळचे कर्दळीवन म्हणजे केळीचे बन. पण आज अंगणातली 'कर्दळ' म्हटली की डोळ्यांपुढे येते ती लाल-पिवळ्या फुलांची, काळ्या टणक बियांची वनस्पती, शास्त्रातली कॅना. तिच्या शास्त्रीय नावात 'इंडिका' आहे खरे, पण ती मूळची अमेरिका खंडातली. म्हणजे ती आपल्याकडे आली ती कोलंबसाच्या सफरीनंतरच्या काळात. तिचे पान पाहून आपल्या लोकांनी केळीचे जुने नाव तिला दिले आणि कालांतराने ते तिचेच झाले. म्हणून त्याआधीच्या ग्रंथांत कर्दळी आली तर तिथे कॅनाचे फूल कल्पू नये. पानावरून नाव देण्याची सवय मात्र आजही तशीच आहे. रोपवाटिकेत हेलिकोनिया, बर्ड ऑफ पॅरडाइज आणि पंख्यासारखा पसरणारा ट्रॅव्हलर्स पाम ही तिन्ही 'शोभेची केळ' म्हणून सर्रास विकली जातात.

यांतून खरी केळ वेगळी काढायला भिंग लागत नाही. झाडाकडे वरून पाहावे. केळीची पाने बुंध्याभोवती फिरत फिरत निघतात. हेलिकोनिया, बर्ड ऑफ पॅरडाइज आणि ट्रॅव्हलर्स पाम यांची पाने समोरासमोर, दोनच रांगांत असतात. दुसरी खूण धुण्याची घाई असलेल्या प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे, ती चिकाची. केळीचे पान किंवा सोप कापली की चीक येतो आणि कपड्यावर त्याचा तपकिरी डाग कायमचा बसतो. हेलिकोनियाला असा चीक नाही. कर्दळीचे तर खोडच वेगळे. केळीचा बुंधा म्हणजे एकात एक गुंडाळलेल्या सोपांची गुंडाळी असते, खरे खोड जमिनीतला कंद. केळ सोलत गेले तर आत काही सार सापडत नाही, हा दृष्टांत पाली ग्रंथांपासून संतसाहित्यापर्यंत आपल्याकडे वारंवार येतो, तो याच रचनेमुळे.

लिनियसने केळीला फुलवले कसे

युरोपला केळीचे कुतूहल फार जुने. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये तिथेच छापलेल्या आपल्या संवादरूपी ग्रंथात केळ्यांची चर्चा 'हिंदुस्थानची अंजिरे' म्हणून केली आहे. पण केळ युरोपातल्या काचघरांत रुजली तरी फुलत नसे. हा पेच सुटला १७३६ मध्ये, हॉलंडात हार्लेमजवळच्या हार्टेकाम्प येथे. डच ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक जॉर्ज क्लिफर्ड यांच्या बागेत तेव्हा कार्ल लिनियस हा स्वीडिश तरुण काम करत होता. केळीच्या मायभूमीत काही महिने कोरडे जातात आणि मग एकदम पाऊस कोसळतो, हे लक्षात घेऊन झाड कसदार मातीत लावले गेले, काही आठवडे त्याचे पाणी तोडले गेले आणि मग भरपूर पाणी दिले गेले. झाड फुलले. लिनियसने त्याच वर्षी 'मुसा क्लिफोर्टियाना' नावाची छोटी पुस्तिका फक्त या एका झाडावर लिहिली.

मला या हकिकतीत लिनियसची हुशारी जितकी दिसते तितकेच दुसरे काही दिसते. त्याने हिंदुस्थान पाहिला नव्हता. तरी झाडाला पाणी देण्याआधी त्याने विचारले, हे झाड कुठले? मी वालूरला बसून, घाटापासून एका दिवसाच्या अंतरावर, तो प्रश्न विचारला नाही.

पुढे १७५३ मध्ये लिनियसने केळीच्या कुळाला 'मुसा' हे नाव कायम केले. अरबीत केळीला 'मौझ' म्हणतात. ऑगस्टस बादशहाचा वैद्य अँटोनियस मुसा याच्या नावाशीही ते जोडले जाते.

रानकेळीचे तीन बारसे

आमच्या त्या रानकेळीची कथा मात्र कलकत्त्यात सुरू होते. कलकत्त्याच्या कंपनी बागेचे १७९३ पासून अधीक्षक असलेले विल्यम रॉक्सबर्ग यांनी दक्षिणेकडच्या डोंगरांतली ही केळ पाहून तिला 'मुसा सुपर्बा' म्हटले. सुपर्बा म्हणजे भव्य, डौलदार. तिचे चित्र 'प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडल' या त्यांच्या तीन खंडांच्या ग्रंथात आहे. रॉक्सबर्गसाठी अशी चित्रे काढणारे हात हिंदी चित्रकारांचे होते. झाडांची लॅटिन नावे अजरामर झाली, त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे कोणी नोंदलीच नाहीत.

दुसरी गाठ आफ्रिकेत आहे. जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने १७९० मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात इथिओपियातल्या 'एन्सेत' या झाडाचे वर्णन केले. दिसायला केळ, पण लोक फळ खात नाहीत, कंद आणि बुंधा खातात. तिथले सुमारे दोन कोटी लोक आजही त्यावर अवलंबून आहेत. कंद आणि सोपांचा गर जमिनीत पुरून आंबवतात, त्याला 'कोचो' म्हणतात. १८६२ मध्ये होरानिनोव्ह यांनी या झाडासाठी 'एन्सेत' हे वेगळे कुळ सुचवले. ते बराच काळ कोणी मनावर घेतले नाही. शेवटी त्रिनिदादच्या उष्ण कटिबंधीय कृषी महाविद्यालयात केळीचा अभ्यास करणारे ई. ई. चीझमन यांनी १९४७ मध्ये या कुळाचे पुनरुज्जीवन केले आणि आपली सह्याद्रीतली केळ मुसामधून निघून 'एन्सेत सुपर्बम' झाली. कातळावरची चवेणी आणि इथिओपियाचे अन्न सख्ख्या बहिणी निघाल्या.

हा फरक कागदी नाही, कुंडीत दिसतो. मुसाला मुनवे फुटतात. आई मेली तरी पिले उरतात. एन्सेतला आपणहून मुनवे फुटत नाहीत. ती बरीच वर्षे एकटी वाढते, एकदा फुलते, बी धरते आणि संपते. फळ केळीचा घात करते, ही जुन्या संस्कृत-पाली वाङ्मयातली उपमा मुसापेक्षा तिलाच अधिक लागू पडते. बुंधा तळाशी फुगलेला, केळफूल लोंबते व गडद तांबूस, फळात गर नाममात्र आणि वाटाण्याहून मोठ्या काळपट टणक बिया, अशा तिच्या खुणा. माझ्या गाडीवाल्याने 'पिलं सुटतील' म्हटले होते. वर्षभरात एकही मुनवा आला नाही तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

मग मला हे आधी का कळले नाही? याचे एक उत्तर इतिहासात आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा थोर ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. पण त्याची हद्द इलाख्याची. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचाच राहिला. त्यामुळे घाटावरच्या झाडांची जशी इंग्रजी नोंद झाली तशी आमच्या माळावरची झाली नाही. मराठवाड्याच्या वनस्पतींची सविस्तर सूची व्ही. एन. नाईक यांनी दोन खंडांत केली ती १९९८ मध्ये. राज्याच्या सीमा पुसल्या गेल्या तरी ज्ञानाच्या सीमा पन्नास वर्षे टिकतात, हे मला या दोन ग्रंथांमधल्या अंतराने शिकवले.

गुलाबी पांघरुणाच्या केळी

घरी लावायला सोप्या शोभेच्या केळी म्हणजे ज्यांना एके काळी 'ऱ्होडोक्लॅमिस' या गटात घालत त्या. शब्दाचा अर्थ गुलाबी पांघरूण. पांघरूण म्हणजे केळफुलाच्या मोठ्या रंगीत पाकळ्या. २०१३ मध्ये हक्किनेन यांनी हा गट मुसाच्या मुख्य विभागात विलीन केला, पण बागवानांच्या तोंडी नाव टिकून आहे. यांचा पुष्पदांडा वर उभा राहतो, खाण्याच्या केळीसारखा लोंबत नाही. ही सर्वांत सोपी खूण. यांतल्या तीन भारतात सहज मिळतात.

पहिली मुसा ऑर्नाटा. हिचे वर्णनही रॉक्सबर्गचे, चितगावकडच्या झाडांवरून केलेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८२४ मध्ये छापले गेलेले. पाकळ्या फिकट गुलाबी ते जांभळट, झाड सडपातळ.

दुसरी मुसा वेल्युटिना, आसाम-अरुणाचलची. १८७५ मध्ये तिचे नामकरण झाले. उंची बहुधा पुरुषभर. फळे गुलाबी, मखमली लवेची, आणि पिकली की साल आपोआप मागे उलगडून आतला पांढरा गर दाखवणारी. गर गोड असतो, पण बिया इतक्या की मुले एकदाच खातात.

तिसरी मुसा लॅटेरिटा, विटकरी पाकळ्यांची. हिचे मुनवे आईला चिकटून येत नाहीत, जमिनीखालून धावत जाऊन हातभर लांब निघतात. कुंडीऐवजी जमिनीत लावली तर शेजारच्या वाफ्यात हजर.

'लाल केळ' या बाजारू नावाखाली मात्र तीन निरनिराळी झाडे विकली जातात. एक, हिरव्या पानांवर तांबडे शिंतोडे असलेली मुसा अॅक्युमिनाटाची झेब्रिना जात. हिला मुनवे येतात. दोन, सगळेच अंग तांबूस असलेली इथिओपियन एन्सेतची जात. तिला थंड हवा मानवते, आमचा मे महिना नाही. तीन, दक्षिणेत खाल्ली जाणारी लाल सालीची केळ, केरळातली चेंकदली. ती शोभेची नसून फळाची. विकत घेताना "लाल काय आहे, पान, अंग की फळ?" एवढे विचारले तरी निम्मी फसवणूक टळते.

शोभेची आणि पोटाची अशी केळीची वाटणी तशी फसवीच आहे. इंग्लंडातल्या चॅट्सवर्थ येथे डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने हौसेने वाढवलेली ठेंगणी केळ १८३५ मध्ये फुलली. ड्यूकच्या घराण्याच्या नावावरून तिला कॅव्हेंडिश म्हणू लागले. आज जळगावपासून आमच्या शेजारच्या अर्धापूर-वसमतपर्यंत शेतात उभ्या असलेल्या बसराई, ग्रँड नैन या जाती त्याच कॅव्हेंडिश गटात मोडतात.

वालूरच्या उन्हात

आता लागवडीबद्दल, अनुभवाने पटलेले तेवढेच. काळी माती एकटी वापरू नये. ती पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कंद दोन्हीकडून मारते. निम्मी काळी माती, बाकी वाळू आणि कुजलेले शेणखत असे मिश्रण चालते. कुंडी किमान दीड फूट तोंडाची. जागा पूर्वेच्या भिंतीलगत, म्हणजे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारची झळ व वारा अडतो. पान फाटले म्हणून झाड आजारी होत नाही, वाऱ्याला वाट देण्याची ती त्याची रीतच आहे.

वेल्युटिना आणि ऑर्नाटा या दमट प्रदेशातल्या. त्यांना उन्हाळ्यातही माती ओलसर हवी आणि दुपारी सावली हवी. न्हाणीच्या पाण्यावर केळ लावण्याची आपली जुनी रीत त्यांना उत्तम, फक्त कपड्यांच्या सोड्याचे पाणी तिकडे वळवू नये. मुनवे काढायचे ते मृगाच्या पावसानंतर, गुडघाभर उंच झाल्यावर, कंदाचा तुकडा आणि मुळ्या सोबत घेऊन. पाने आखूड, उभी आणि गुच्छासारखी एकवटलेली दिसली तर त्या झाडाचा मुनवा घेऊ नये. तो मावा पसरवत असलेला पर्णगुच्छ रोग असतो आणि आसपासच्या शेतातल्या केळीलाही तो घातक आहे. आपल्या हौसेची किंमत शेजारच्या शेतकऱ्याने मोजू नये.

रानकेळीचे गणित उलटे. तिला पावसाळाभर पाणी आणि निचरा हवा. पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करत जावे आणि बुंधा उरला की थांबवावे. कुंडी सावलीत सरकवून ठेवावी, पहिला पाऊस पडला की ती आपणच जागी होते. मुनवे नसल्याने ती बियांपासूनच करावी लागते. बी दोन दिवस कोमट पाण्यात भिजवून पेरावे आणि मग आठवडे, कधी महिने, वाट पाहावी. घाटातून कंद उपटून आणू नये. एक कंद उपटणे म्हणजे तिथली एक पिढी संपवणे, कारण मागे पिलू राहत नाही. कोवळ्या गाभ्याच्या आणि केळफुलाच्या भाजीसाठी तिथल्या लोकांचा तिच्यावर आधीच हक्क आहे.

मला एका स्नेह्याने आपल्या बागेतल्या झाडाचे अकरा बी दिले. तीन रुजले, एक टिकले. गेल्या पाच उन्हाळ्यांत त्या कुंडीला फाल्गुनापासून मृगापर्यंत पाण्याचा थेंब दिलेला नाही. आई आता थकली आहे, तिला दिसतेही कमी. तरी दर वर्षी होळीच्या सुमाराला ओसरीवरून विचारते, "त्या तुझ्या केळीला पाणी घालू का?" मी नको म्हणतो. त्या दोन घागरी मग तिच्या कर्दळीला जातात. तिला मात्र त्या लागतात.